आठवीच्या वर्गातली जबानी

माझे वडील हिंगोलीच्या कोर्टात कारकून होते. आम्हा बहिणींचं भांडण लागलं की ते हात उगारत नसत, आवाजही चढवत नसत. खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "चला, जबानी द्या." जिची तक्रार असेल तिनं उभं राहून सांगायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. खोटं सांगणारी दोन-चार प्रश्नांत गडबडायची आणि आपणच हसायला लागायची. मी मास्तरीण झाले तेव्हा वडिलांचा हा खेळ बरोबर घेऊन शाळेत गेले.

आमची शाळा औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात आहे. मी तिथं मराठी शिकवते. माझ्या वर्गात निबंध लिहून आणला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. लिहिणाऱ्यानं पुढं येऊन वाचायचं आणि मग जबानी द्यायची. वर्गातलं कुणीही काहीही विचारू शकतं. "म्हैस व्याली तवा तू कुठं उभा व्हता?" "मामानं मारलं म्हनतो, मग रडला काहून न्हाईस?" प्रश्न आधी कुणालाच माहीत नसतात, मलाही नसतात. उत्तर येत नसेल तर सरळ सांगायचं, "माहीत न्हाई." त्याला कुणी हसायचं नाही, हा कायदा. मात्र असं म्हणणाऱ्यानं घरी जाऊन विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला येऊन सांगायचं.

या एका कायद्यावर माझा फार जीव होता. एरवी जो बाप फक्त पाणी मागण्यापुरता पोराशी बोलायचा, त्याला पोरगं संध्याकाळी विचारायचं की बियाणं भिजवून का ठेवलं. एका मुलाचे वडील मला बाजारात अडवून म्हणाले होते, "मॅडम, पोरगं लई इचारून राहिलं. सुखानं जेवू देत न्हाई." तेवढं ऐकून मला दिवसभर बरं वाटलं होतं.

आठवीत एक मुलगी होती. तिचे वडील गाद्या भरतात. जुन्या गाद्या उसवायच्या, आतला दडपलेला कापूस पिंजायचा आणि पुन्हा भरून टाके घालून द्यायच्या, हे त्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं काम. मुलं तिला गादीवाल्याची म्हणत. अभ्यासात बेताची, अक्षर तर कोंबडीनं पाय मारल्यासारखं. पण प्रश्न विचारावा तर तिनंच. एका मुलानं विहिरीत पोहायला शिकल्याचा निबंध वाचला. तिनं उठून विचारलं, "पान्यात पहिल्यांदा डोकं गेलं तवा कानात कसा आवाज आला?" त्यावर तो मुलगा जे सांगत सुटला ते त्याच्या निबंधात कुठंच नव्हतं. मी त्याला म्हटलं, आता हे लिही. मला त्या पोरीचा अभिमान होता.

मग निबंध एकाएकी सुंदर यायला लागले. ज्यांना चार ओळी लिहिताना घाम फुटायचा, त्यांचे परिच्छेद नदीसारखे वाहायला लागले. 'निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रसन्न होते' असं एकजण लिहून आला. तो रोज सकाळी शेळ्या चारून शाळेत येणारा. जबानीला उभा केल्यावर त्याला सान्निध्य म्हणजे काय ते सांगता येईना. एकामागून एक सगळे पडले. घरोघरी मोबाईल होते आणि मोबाईलमधला एआय सांगाल ते लिहून देत होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती.

शांत केलं ते माझ्या मैत्रिणीनं. ती आमच्याच शाळेत विज्ञान शिकवते. हिंगोलीहून आम्ही दोघी एकाच जीपनं जायचो-यायचो. तिच्या डब्यातला ठेचा माझा आणि माझ्या डब्यातलं लोणचं तिचं, इतकं आमचं एक होतं. तिला मोबाईलमधलं सगळं कळायचं, मला काडीचं कळत नव्हतं. ती म्हणाली, "अगं, पोरांवर काय चिडतेस? चोराला घरात बोलाव आणि त्याचीच जबानी घे."

ही कल्पना तिची होती, आणि ती उत्तम होती. हे मी आजही नाकारत नाही.

वर्गात मोठा टीव्ही होता. तिनं तिचा फोन त्याला जोडून दिला आणि आम्ही एआयला हळद शिजवण्यावर निबंध लिहायला सांगितलं. आमच्याकडं हळदीच्या हंगामात गावभर वाफेचा वास असतो, त्यामुळं पोरं तयारीतच बसली होती. निबंध पडद्यावर आला. पहिल्याच ओळीत, वाऱ्याच्या झुळकेवर पिवळीधमक हळद शेतात डोलत होती. वर्ग नुसता फुटला. एकजण बाकावर उभा राहून म्हणाला, "हळद डोलती व्हय? जमिनीच्या आत डोलती का?" मग प्रश्नांची झड लागली. शिजली हे कसं ओळखायचं? यंत्र म्हणालं, रंगावरून. "काडी टोचून बगावं लागतं," मागच्या बाकावरून आवाज आला. प्रत्येक चुकीला यंत्र अदबीनं माफी मागायचं, तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे म्हणायचं आणि लगेच नवीन चूक करायचं. पोरं हसून हसून बेजार झाली.

गादीवाल्याची तेवढी हसत नव्हती. ती पडद्याकडं एकटक बघत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, हे माहीत न्हाई म्हनतच न्हाई."

इतक्या वर्षांत माझ्या वर्गात याहून शहाणं वाक्य कुणी बोललेलं मला आठवत नाही. मी ते फळ्यावर लिहिलं आणि आठवडाभर पुसू दिलं नाही. त्यानंतर दर आठवड्याला आम्ही यंत्राची जबानी घ्यायला लागलो. गंमत म्हणजे पोरांचं स्वतःचं लिहिणं त्यामुळं सुधारलं. यंत्राला जे ठाऊक नसतं तेच आपण लिहायचं, अशी त्यांच्यात चढाओढ लागली. एकीनं वाफेनं आईच्या भुवया कशा ओल्या होतात ते लिहिलं. मला वाटलं, हे यंत्र आपल्या कामाचं आहे बरं का. मी सगळ्यांना सांगत सुटले.

ते हेडमास्तरांच्या कानावर गेलंच. हेडमास्तर माणूस वाईट नाही, पण शाळेचं नाव चार ठिकाणी व्हावं याची त्यांना भारी हौस. त्यांनी मला बोलावून सांगितलं की वर्गात एआय कसा वापरावा याचा नमुना पाठ बघायला जिल्ह्याहून साहेब लोक येणार आहेत, तर जबानी त्यांच्यासमोर करा. मैत्रीणही तिथंच बसली होती. मी म्हटलं, "करते सर, पण एका अटीवर. पोरांची काहीही तयारी करून घ्यायची नाही. प्रश्न ऐन वेळचे, उत्तरं ऐन वेळची. कुणी अडकलं तर अडकू द्यायचं. तयारी केली तर ती जबानी राहत नाही, नाटक होतं."

"बराबर आहे तुमचं," हेडमास्तर म्हणाले. "तुमी म्हनाल तसं."

मी मैत्रिणीकडं वळून हसत म्हटलं, "तू गवाह आहेस." तीही हसली.

त्या आठवड्यात मला कसल्याशा प्रशिक्षणाला पाठवलं. दिवसभर पंख्याखाली बसून मी दुसऱ्याच गोष्टींची टिपणं घेतली. माझ्या वर्गावर कोण जातंय असं फोनवर विचारलं तर मैत्रीण म्हणाली, "मी आहे ना. तू निवांत राहा." मी निवांत राहिले.

पाठाच्या दिवशी शाळेच्या दारात रांगोळी होती, पाहुण्यांना फुलांऐवजी रोपं दिली, सगळं रीतीप्रमाणं झालं. साहेब पुढच्या खुर्च्यांवर बसले. आधी यंत्राचा निबंध आणि पोरांचे प्रश्न झाले. ते ठीक झालं. मग गादीवाल्याची तिच्या वडिलांच्या कामावरचा निबंध वाचायला उठली. निबंध तिचाच होता, मी आधी ऐकलेला. उसवलेल्या गाद्यांतून काय काय निघतं याचा. हेअरपिना, वाळलेली औषधाची गोळी, एकदा लहान पोराचा दुधाचा दात. मला तो फार आवडला होता.

जबानी सुरू झाली. एक हात वर झाला. प्रश्न विचारून तो मुलगा बसला, तिनं उत्तर दिलं. मग दुसरा हात, मग तिसरा. एका वेळी एकच. माझ्या वर्गात असं कधी होत नाही; तिथं चार जण एकदम ओरडतात आणि मी फळ्यावर डस्टर आपटते. मला वाटलं, साहेब बसलेत म्हणून पोरं बुजली असतील. मग शेळ्यांवाला उठला आणि म्हणाला, "या अनुभवातून तुला कोणती जीवनमूल्ये शिकायला मिळाली?"

मी त्याच्याकडं बघतच राहिले. सान्निध्यात अडकलेला हाच तो मुलगा. आमच्या अख्ख्या गावात असा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. आणि तिनं त्यावर श्रमप्रतिष्ठा, काटकसर आणि पर्यावरण अशी उत्तरं घडाघडा दिली. साहेबांनी मान डोलावली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ झाला, पण अजून एकदाही कुणी माहीत न्हाई म्हटलेलं नाही.

मला राहवलं नाही. रांग मोडून मीच विचारलं, "तो दुधाचा दात सापडला, त्याचं अब्बांनी काय केलं गं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. खिडकीशी उभ्या असलेल्या माझ्या मैत्रिणीकडं पाहिलं. मग म्हणाली, "आधुनिक यंत्रांमुळे या व्यवसायापुढे अनेक आव्हाने आहेत, परंतु जिद्दीने त्यावर मात करता येते." मी दाताचं विचारलं होतं. तिनं ठरवून ठेवलेल्या ओळीतल्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. पाहुण्यांपैकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. टाळ्या पडल्या. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, हेडमास्तरांना ठाऊक होतं, खिडकीशी उभी होती तिला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला, आणि सत्कार माझाच झाला. मी शाल खांद्यावर घेतली आणि हात जोडले.

परतताना जीपमध्ये आम्ही नेहमीसारख्या शेजारी बसलो. मी विचारलं, "कधी केलंस?"

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "तू प्रशिक्षणाला होतीस तेव्हा. सरांनी सांगितलं. प्रश्न आणि उत्तरं एआयकडूनच काढली, पोरांकडून पाठ करून घेतली. अगं, ऐन वेळी पोरं अडखळली असती तर फजिती कुणाची? तुझीच ना? तुझ्यासाठीच केलं मी."

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "तू गवाह होतीस."

"तू पण ना. एवढं काय झालं? कुणाला कळलं तरी का?"

"मला कळलं." मग मात्र माझा तोल गेला. जीपमधली माणसं वळून बघायला लागली तरी मी थांबले नाही. "सांगू कसं कळलं? चाळीस पोरांत एकही माहीत न्हाई म्हणालं नाही. खऱ्या जबानीत कुणीतरी अडकतं. थांबतं, खाली बघतं, घरी विचारून सांगते म्हणतं. तुझी सगळी पोरं त्या टीव्हीतल्या यंत्रासारखी बोलत होती. केसानं गळा कापलास तू माझा."

 हिंगोली आल्यावर मी तिची वाट न बघता उतरले. दुसऱ्या दिवसापासून मी एसटीनं जायला लागले.

हेडमास्तरांकडं गेले तर त्यांनी चहा मागवला. "मॅडम, लग्नात नवरदेवाला पन आधी सांगावं लागतं कुठं उभं राहायचं. म्हनून ते लग्न खोटं असतं का?"  मी काहीही उत्तर दिलं असतं तरी त्यांनी दुसरा कप मागवला असता.

त्यांचं मला एवढं लागलं नाही. मैत्रिणीचं लागलं. पण सगळ्यात आत जाऊन लागलं ते पोरीचं. मधल्या सुट्टीत तिला बोलावून विचारलं, "तू मला सांगितलं काहून नाहीस?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "सायन्सच्या मॅडम म्हनल्या, मॅडमला सांगू नका, त्यांना तकलीफ होईल. तुमची इज्जत जाईल म्हनल्या, साहेबांपुढं आमी चुकलो तर." मग वर बघून म्हणाली, "आमी तुमच्यासाठी लई पाठ केलं मॅडम. मी अब्बांना पन म्हनून दाखवलं."

तिच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेशही नव्हता. तिला वाटत होतं, तिनं माझी लाज राखली. यंत्र माहीत न्हाई म्हणत नाही, हे जिनं मला दाखवून दिलं, तिलाच त्यांनी माझ्या प्रेमाची शपथ घालून यंत्र केलं होतं. आपलेच दात नि आपलेच ओठ, रागवायचं कुणावर? मी तिला एवढंच म्हटलं की पुन्हा असं करायचं नाही. ती व्हय म्हणाली. दाताचं विचारायचं मात्र मी विसरले.

पाठाचा व्हिडिओ शाळाशाळांत फिरला. सगळ्यांना तो आवडला. मग हेडमास्तरांनी सांगितलं की आता वरून मोठे पाहुणे यायचेत, पुन्हा तोच पाठ हवा. मी नाही म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमची मर्जी. मग सायन्सच्या मॅडम घेतील तास." माझी जबानी माझ्याशिवायही होऊ शकते, हे मला तेव्हा कळलं.

मी मागच्या भिंतीशी खुर्ची घेऊन बसले. मैत्रिणीनं छान सुरुवात केली. पोरांनी या वेळी एकदम हात वर केले, दोघंतिघं एकाच वेळी बोलली, तिनं फळ्यावर डस्टर आपटलं. पाहुणे हसले. गादीवाल्याचीनं निबंध वाचला. प्रश्न झाले. आणि एका प्रश्नाला ती थांबली. खाली बघितलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माहीत न्हाई," ती म्हणाली. "घरी अब्बांना इचारून उद्या सांगते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एक पाहुणे शेजारच्याला म्हणाले, किती प्रामाणिक लेकरं आहेत. मी मैत्रिणीकडं पाहिलं. तिनं माझी नजर टाळली. जीपमध्ये चिडून मी जे जे बोलले होते, ते सगळं तिनं नीट लक्षात ठेवलं होतं आणि यंत्राला सांगून उत्तरांत भरलं होतं. थांबायचं कुठं, खाली बघायचं कुठं, सगळं. खोटं ओळखायची माझ्यापाशी एकच खूण होती. ती मीच त्यांच्या हातात दिली होती.

पाहुणे चहाला गेले. पोरं दंगा करत बाहेर पळाली. ती मात्र माझ्याकडं आली, कपाळावर घाम, चेहरा फुललेला.

"मॅडम, या टायमाला बराबर जमलं का?"

मी तिच्या डोळ्यांत बघत राहिले. तिथं काय आहे, काय पाठ केलेलं आणि काय तिचं, हे मला पूर्वी लगेच कळायचं.

"माहीत नाही, बाळा," मी म्हटलं.

ती खुदकन हसली. "मग घरी इचारून उद्या सांगायचं हां मॅडम. कायदा आहे."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली.